एका वेळी एकच उपाय

डेस्कटॉप आता कुणी हौसेने विकत घेत नाही. तो घरात असतो. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या वेळी आलेला, मुलगा लॅपटॉप घेऊन बंगळुरूला गेल्यावर मागे राहिलेला. डोंबिवलीच्या आमच्या घरी तो हॉलच्या कोपऱ्यात, टेबलाखाली, झालरीच्या कापडी कव्हरात उभा असतो. कव्हर हिने शिवलंय. आत घरखर्चाचा हिशेब, भाचीच्या लग्नाचे फोटो, ‘न्यू फोल्डर’ नावाची बरीच मोठी भावकी, आणि मी सोसायटीच्या कमिटीवर असल्यामुळे आजवरच्या सभांची इतिवृत्तं. त्यामुळे हा संगणक बिघडला की तो आमच्या एकट्याचा राहत नाही. अख्खी बिल्डिंग त्याच्यावर हक्क सांगते.

बिघाडही असा की झाकून ठेवायची सोय नाही. टायपिंग चाललेलं असतं, ‘विषय क्रमांक चार, पाण्याच्या टाकीची गळती’, आणि मॉनिटर डोळ्यांदेखत निळा होतो. वर कोलन आणि कंसाचं आडवं पडलेलं रडकं तोंड. त्याखाली इंग्रजीत निरोप, की तुमच्या पीसीला अडचण आली आहे, आम्ही थोडी माहिती गोळा करतोय, मग तुमच्यासाठी रीस्टार्ट करू. त्याखाली टक्केवारी. शून्यावर ती इतका वेळ बसते की माणसाने चहा टाकावा, आणि चहाला उकळी यायच्या आत शंभर होऊन मोकळी. हे एकदा झालं तर कुणी मनावर घेत नाही. रोज व्हायला लागलं की घरात वैद्य जमतात.

आणि प्रत्येक वैद्याला आपापल्याच खात्यातला रोग सापडतो. वरच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त. त्यांच्या मते हा व्हायरस, कारण बँकेत असताना जे काही बंद पडायचं ते व्हायरसनेच, अगदी पासबुक छापायचं मशीनसुद्धा. इलेक्ट्रिशियन घंटीचं बटण बदलायला आला होता, तो टेबलाखाली न वाकताच म्हणाला, “अर्थिंग नाय साहेब.” मुलगा व्हिडिओ कॉलवर एकच पालुपद लावून होता, “बाबा, ड्रायव्हर अपडेट करा.” हिचं म्हणणं धूळ. कव्हर काढून ठेवता आणि घालत नाही, मग होणारच. आईने तर फार मागचं मूळ काढलं: “परवा ती खालची आली होती ना? केवढा मोठ्ठा पडदा म्हणाली. तेव्हाच मला लागलं होतं मनाला.” आणि स्टेशनजवळचा आमचा कॉम्प्युटरवाला. जिन्याखालचं दुकान, आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं. त्याने लक्षणं अर्धीच ऐकली. “काका, विंडोज करप्ट झालीय. फॉरमॅट मारून देतो. डेटा सीला आहे का डीला?” त्याच्याकडे काहीही नेलं तरी तो फॉरमॅटच मारतो. प्रिंटर नेला असता तरी हेच विचारलं असतं अशी मला शंका आहे.

या गलबल्यात पडद्याची बाजू मांडायला कुणी नसतं, म्हणून मीच मांडतो. हा पडदा विंडोज मुद्दाम आणते. विंडोजचा एक गाभा असतो, कर्नल. तिथे काम करणाऱ्यांना कसलीच आडकाठी नसते. बाहेरचा एखादा प्रोग्राम चुकला, समजा ब्राउझर, तर त्याला एकट्याला उचलून बाहेर काढता येतं. गाभ्यात बसलेला ग्राफिक्सचा किंवा नेटवर्कचा ड्रायव्हर चुकला तर त्याने मेमरीत आणखी कुठे काय खरडून ठेवलंय याचा भरवसा कुणी द्यायचा? तसंच काम रेटलं तर चुकीचा मजकूर डिस्कवर लिहिला जाणार. म्हणून विंडोज हातातलं सगळं टाकते, त्या क्षणी मेमरीत जे असेल त्यातलं जमेल तेवढं एका फाइलीत उतरवून ठेवते आणि थांबते. आपला आपल्यालाच भरवसा वाटेनासा झाला म्हणून काम थांबवणारा माणूस मी आमच्या कमिटीत अजून पाहिलेला नाही.

पडद्याचा निळा रंगही कुणी लोकांना घाबरवायला निवडला नव्हता. २०१४ मध्ये या पडद्याचं श्रेय कुणाचं यावर बातम्या झाल्या आणि स्टीव्ह बाल्मर यांचं नाव पुढे आलं. तेव्हा मायक्रोसॉफ्टमधले जुने अभियंते रेमंड चेन यांनी वाटणी करून दिली. विंडोज ३.१ मध्ये कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्याचा मजकूर बाल्मर यांचा, विंडोज ९५ मधला पडदा चेन यांच्या स्वतःच्या हातचा, आणि ज्यातून परत फिरायची सोयच नाही तो विंडोज एनटीचा पडदा जॉन व्हर्ट यांचा. व्हर्ट ज्या मशीनवर काम करत ते सुरू होताना निळ्यावर पांढरी अक्षरं दाखवायचं, त्यांचा एडिटरही त्याच रंगांचा. मग कोसळणं तेवढं वेगळ्या रंगात कशाला? बस, एवढंच. २०१२ मध्ये विंडोज ८ ने त्यात ते रडकं तोंड आणलं. २०२५ मध्ये विंडोज ११ वर पडदा काळा केला आणि तोंडही काढून टाकलं. आमच्याकडे अजून विंडोज १०, म्हणजे निळाच. काळ्या पडद्याची बातमी वाचून दाखवली तर आई म्हणाली, “नवीन घेऊच नका.”

पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक कोड असतो, त्याला स्टॉप कोड म्हणतात. सगळा तपास तिथून सुरू व्हायला हवा आणि नेमका तोच वाचायच्या आत मशीन रीस्टार्ट होतं. त्यावर इलाज आहे. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढली की पडदा आपण बंद करेपर्यंत उभा राहतो. मी ती खूण काढली, वही घेऊन बसलो आणि कोड उतरवायला लागलो. ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’: कुणीतरी ड्रायव्हर नको त्या वेळी नको त्या पत्त्यावर मेमरीला हात घालत होता. ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’: जी गोष्ट मेमरीत असायलाच हवी होती ती शोधायला गेलो तर नाही. ‘मेमरी मॅनेजमेंट’: हे माझ्याबद्दलही असू शकतं, असं ही मागून म्हणाली. एकदा ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ मी मोठ्याने वाचलं, तर आई आतून लगबगीने आली. “कोण गेलं रे?”

जाणकारांचा एक ठोकताळा आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. दर वेळी एकच कोड आणि त्याखाली एकाच फाइलीचं नाव येत असेल तर बहुधा ड्रायव्हर किंवा एखादं सॉफ्टवेअर. दर वेळी नवा कोड, कधी ब्राउझर चालू असताना तर कधी नुसतं बसल्या बसल्या, तर नजर वस्तूंकडे वळवायची: रॅम, वीजपुरवठा करणारा एसएमपीएस, तापलेला प्रोसेसर. सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्या ड्रायव्हरांनिशी, मशीन तासन् तास सुरळीत चाललं तर पुन्हा ड्रायव्हरवर संशय. माझ्या वहीत रोज नवा कोड होता. मुलाला तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं, “ड्रायव्हर अपडेट केले का?”

त्याने दूरवरून मला ‘इव्हेंट व्ह्यूअर’ही उघडायला लावला. कुणाला आयुष्यात फार समाधान वाटत असेल तर त्याने हा जरूर उघडावा. धडधाकट संगणकातसुद्धा तिथे लाल आणि पिवळ्या खुणांची रांग असते. काकांनी ती पाहिली आणि खुर्चीच ओढून घेतली. त्यात ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद पुन्हा पुन्हा होती. काका म्हणाले, “हीच! ही पकडा.” तिचा अर्थ मी शोधून काढला. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती सांगते. हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही समोरच बसलो होतो.

तपासातला पहिला प्रश्न मात्र संगणकाला विचारायचाच नसतो, तो घरच्यांना विचारायचा असतो: हल्ली नवीन काय जोडलं? याचं महत्त्व साक्षात बिल गेट्स यांना कळलेलं आहे. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चाललं होतं. ख्रिस कपोसेला यांनी एक स्कॅनर जोडला आणि भरल्या सभागृहासमोर पडदा निळा झाला. लोकांनी टाळ्या पिटल्या. अजून हे बाजारात का आणलं नाही ते यामुळेच असावं, असं म्हणून गेट्स यांनी वेळ मारून नेली. आमच्याकडे त्याच प्रश्नावर सगळ्यांचं एकमुखाने उत्तर होतं, “काही नाही.” उलटतपासणीत एकेक बाहेर आलं. भाचीच्या नवऱ्याने त्याचा प्रिंटर जोडून पाहिला होता, पण तो चालला नाही म्हणून धरायचा नाही. आईच्या भजनांचा पेन ड्राइव्ह लावला होता, पण तो देवाचा. काकांनी दुसरा अँटिव्हायरस घातला होता, पहिल्यावर नजर ठेवायला.

काकांची अँटिव्हायरसवरची श्रद्धा हलवायला मी १९ जुलै २०२४ ची आठवण करून दिली. त्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक सदोष फाइल पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. व्हायरसने नव्हे, पहारेकऱ्याने. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. इलाज तसा साधा होता, मशीन सेफ मोडमध्ये न्यायचं आणि ती फाइल उडवायची. पण ते बहुतेक ठिकाणी एकेका मशीनपाशी बसून करावं लागत होतं. क्लाउडवरच्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करून पाहा, काहींना १५ वेळाही करावं लागलंय. जिन्याखालचा आमचा कॉम्प्युटरवालाही एवढा आग्रह करत नाही. काका सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “म्हणूनच मी दोन घातलेत.”

आता मूळ अडचणीकडे येतो. असा बिघाड शोधायचा नियम जगभर एकच आहे: एका वेळी एकच बदल. एक गोष्ट बदला, थांबा, बघा, लिहून ठेवा, मग दुसरी. हे मराठी घरात शक्य नाही. आपल्याकडे तापाला डॉक्टरची गोळी चालू असते, सोबत तुळशीचा काढा, होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या, मावशीने पाठवलेली राख आणि उतरलं तर गणपतीला एकवीस मोदक. ताप उतरतो. मग तो कशाने उतरला यावर पुढची दहा वर्षं मतभेद राहतात, आणि पुढच्या तापाला सगळंच्या सगळं पुन्हा द्यावं लागतं, कारण नेमकं लागू काय पडलं होतं ते कुणालाच ठाऊक नसतं. संगणकाचं तेच झालं. मी ड्रायव्हर जुन्यावर नेला की मुलगा रात्री दुरून तो नव्यावर आणायचा. मी ‘एसएफसी स्कॅननाउ’ लावून सिस्टिमच्या फाइली तपासत असताना ही जमीन पुसायला मेन स्विच बंद करायची. वहीत मी ‘आज काही बदल नाही’ असं लिहिलं, त्या दिवशी कॅबिनेटवर हळदीकुंकू होतं.

कॅबिनेट उघडण्याचा कार्यक्रम मात्र सर्वानुमते झाला. बाजूचा पत्रा सरकवला आणि हिचा विजय झाला. प्रोसेसरच्या पंख्याच्या पात्यांवर बोटभर राखाडी थर, त्याखालच्या अॅल्युमिनियमच्या फटी पार बुजलेल्या. पंखा फिरत होता, हवा जात नव्हती. तळाशी पालीच्या अंड्यांची टरफलं, शर्टाचं बटण, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या आणि अक्षता. दर दसऱ्याला आमच्याकडे ‘सीपीयू’ची पूजा होते, वरच्या जाळीतून इतक्या वर्षांच्या अक्षता आत उतरल्या होत्या. मदरबोर्डावर तांदूळ असू नयेत, असं मी सौम्यपणे सुचवलं. “पूजा होती म्हणून इतकी वर्षं चाललं,” आई म्हणाली. यावर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काही नोंद नव्हती.

मग रॅम. बोर्डावर दोन पट्ट्या उभ्या खोचलेल्या. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबल्या की पट्टी टक्कन वर येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ, आमचे काळवंडलेले. भारतातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याच्या खिशात यासाठी एक पांढरा खोडरबर असतो. दातांवरून तो हलक्या हाताने फिरवला की मळ निघतो, फुंकर मारायची, पट्टी परत बसवायची आणि खुशाल पैसे घ्यायचे. हा उपाय बऱ्याचदा खरोखर चालतो. पण तो खोडरबराने चालला, की पट्टी नुसती काढून नीट बसवल्याने, हे त्या कॉम्प्युटरवाल्यालाही सांगता येणार नाही. इथेही उपाय दोन आणि वेळ एकच.

अखेर घरची सगळी मंडळी लग्नाला कोल्हापूरला गेली. काकाही मुलीकडे गेले. मला आयुष्यात प्रथमच एका वेळी एक बदल करायची मोकळीक मिळाली. मेमटेस्ट नावाचा एक प्रोग्राम आहे. तो पेन ड्राइव्हवरून चालतो, विंडोजला उठवतच नाही. मेमरीच्या प्रत्येक घरात तो ठरावीक आकडे लिहितो, परत वाचतो, जुळले नाहीत तर लाल ओळ. आमच्या ८ जीबीला त्याने अख्खी रात्र घेतली आणि सकाळी मी दात घासत बाहेर आलो तेव्हा पडदा लाल ओळींनी भरला होता. मग एक पट्टी काढली, उरलेलीवर चाचणी: निर्दोष. ती काढून दुसरी, त्याच खाचेत: लाल. दुसरी खाच: तरी लाल. म्हणजे बोर्डाची खाच धड, पट्टी नासकी. तिच्यावर कुठेतरी एखादा बिट लिहिलेलं धरून ठेवत नव्हता. कधी त्या जागी ड्रायव्हर येऊन बसायचा, कधी ब्राउझर, कधी विंडोजचं स्वतःचं काही. म्हणून रोज नवा कोड.

एका बिटाने काय होतं, असं कुणी म्हणेल. २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्खारबेक इथे निवडणुकीत एका उमेदवाराच्या खात्यावर मतदारसंघात शक्य होती त्याहून जास्त मतं पडली. मोजल्यावर फरक निघाला नेमका ४०९६, म्हणजे दोनाचा बारावा घात. एक बिट शून्याचा एक झाला की येतो तेवढा. प्रोग्रामात चूक सापडेना, तेव्हा अवकाशातून आलेल्या किरणांमुळे तो बिट उलटला असावा असा तर्क केला गेला. हे मी आईपासून लपवून ठेवलं आहे. ग्रहताऱ्यांचा संबंध असतो हे तिला कळलं, तर रॅमच्या दुकानाआधी मला ज्योतिषाकडे जावं लागेल.

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आणि लोकांच्या तोंडी अजून लॅमिंग्टन रोड, तिथे दादरला गाडी बदलून गेलो. पहिल्या दुकानदाराने पट्टी बोटांत धरून पाहिली आणि आजारी माणसाच्या नातेवाइकाशी बोलतात त्या सुरात विचारलं, “डीडीआर थ्री? अजून चालवताय?” तिसऱ्या दुकानात वापरलेली मिळाली, महिन्याच्या वॉरंटीवर. वॉरंटी म्हणजे पट्टीवर चिकटवलेला कागद आणि दुकानदाराचा चेहरा लक्षात ठेवायचा.

नवी पट्टी घातली त्या दिवशी मंडळी परतली. त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन येऊन प्लग बदलून गेला, हिने कॅबिनेट जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवलं, मुलाने रात्री सगळे ड्रायव्हर अपडेट केले, काकांनी तिसरा अँटिव्हायरस घातला आणि आईने मागच्या बाजूला, वायरींच्या आड, लिंबू-मिरची बांधली. तेव्हापासून पडदा निळा झालेला नाही.

वार्षिक सभेत सेक्रेटरींनी हा विषय आयत्या वेळच्या विषयांत घेतला. इतिवृत्तं वाचली याबद्दल समाधान व्यक्त झालं. मग बिघाडाचं कारण नोंदवायचं ठरलं आणि सभेचा निम्मा वेळ त्यात गेला. मी मेमटेस्टच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून नेला होता. तो हातोहात फिरला. “लाल म्हणजे व्हायरसच,” काका म्हणाले. इलेक्ट्रिशियन सभासद नाही, पण तो गच्चीचा दिवा लावायला आला होता आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं असं ठरलं. पट्टीचे पैसे सोसायटीने द्यावेत हा माझा ठराव मात्र, कारण सिद्ध न झाल्यामुळे, पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. घरी येऊन मी इतिवृत्तात ‘तांत्रिक कारणाने’ एवढंच टाइप केलं. त्यावर आतापर्यंत दोन लेखी हरकती आल्या आहेत, त्यातली एक आमच्याच घरातून.